दीडशे ग्रॅम

कळमन्याच्या यार्डात मी काट्यावर बसते.
भरला ट्रक वजा रिकामा ट्रक,
उरतो तो माल. पावती फाडायची, संपलं.
माझीच पावती तेवढी जुळत नाही
गेल्या दिवाळीपासून.

जुन्या दोन्ही किडन्या आतच आहेत, पाठीशी,
सुकल्या खारकांसारख्या. काढत नाहीत म्हणे.
तिसरी पुढे बसवली, उजव्या जांघेच्या वर,
तळहात ठेवला की लागते.
कागदावर इतकंच: स्त्री, एकोणतीस, अपघात.
नाव विचारायचं नसतं.

सकाळी नऊ, रात्री नऊ, गोळी.
शरीराला कळू द्यायचं नाही
की घरात कोणी परकं आहे.
हे डॉक्टरांनी सांगितलं.
परक्यालाच सगळं कळत असेल तर काय,
ते नाही सांगितलं.

आधी शिट्टी आली.
पावत्या लिहिताना, ओठांवर, कुठली तरी अर्धी चाल.
हमाल हसले: काहून मॅडम, आज मोठ्या खुशीत?
मग पेन डाव्या हातात गेलं.

मग नवतपा लागला, कूलरची मोटर जळली.
मानेवाड्यात दुकानं काय कमी,
पण पाय गोळीबार चौकात, तिथून तिसऱ्या बोळीत,
जिथं मी जन्मात गेले नव्हते,
आणि डाव्या हातानं फाटकाची कडी
वर उचलून, मग आत ढकलून, उघडली.
आतला माणूस वाळ्याच्या ताट्या भिजवत होता.
त्यानं माझ्याकडे नाही, कडीकडे पाहिलं.
"ही अशी उघडते, कुणी सांगितलं तुम्हाला?"

भूपेश धकाते.
मोटर त्यानं दोनदा बांधून दिली.
दुसऱ्या वेळी तार मीच तोडली होती.
तो वाकला की कॉलरच्या वर
भाजल्याचा जुना डाग दिसायचा, नखाएवढा अर्धचंद्र.
तो मला आधीच पाठ होता.

कारण झोपेत मी रोज त्याच्या मागे बसते:
काळोखी रस्ता, कोराडीच्या राखेचा वास,
ओठांपासून चार बोटांवर ती मान,
कमरेभोवती माझे हात.
मग कोणीतरी एकेक बोट सोडवतं.
करंगळी. तिच्या शेजारचं.
मधल्या बोटाशी मी जागी होते
आणि पोटात ती जागा मुठीसारखी आवळलेली.

एकदा सहज विचारलं,
दिवाळीत कोणी गेलं का तुमचं?
पाना पुसत राहिला.
"ओळखीची होती. त्या रात्री मी भंडाऱ्यात होतो."
मी काही बोलले नव्हते तरी पुन्हा म्हणाला,
"भंडाऱ्यात."

दीडशे ग्रॅमची ही वस्तू
त्याला पाहून उसळते.
ती ओढ असेल, भीतीही असेल,
काटा दोन्हींनी सारखाच हलतो.
आणि यात माझं वजन कुठे धरायचं?
कारण त्याच्या ओल्या मनगटाला वाळ्याचा वास येतो
तेव्हा नजर चोरते ती मीच असते,
एवढं मला कळतं.

आज उशीर झाला. तो म्हणाला, बसा, सोडतो.
हेल्मेट एकच होतं.
मानेवाडा दक्षिणेला,
गाडी कमाल चौकाकडे निघाली.
मी गप्प.
इंदोरा मागे पडलं. रात्र झाली तरी वारा भाजतोच आहे.
डावा हात मला न विचारता त्याच्या कमरेला गेला
आणि असा मिटला
की आता बोटं मोडली तरी सुटायचा नाही.

पर्समध्ये नऊचा गजर वाजतो.
"कसला आहे?" तो मान न वळवता विचारतो.
"गोळीचा," मी सांगते.
"कुणाला तरी ओळखू नये म्हणून."

वाजू देते.